मालनमावशीच्या नावची पेटी

मालनमावशीला न विचारता मी तिच्या नावानं काकणांची एक पूर्ण पेटी सांगितली, आणि ती चूक तिनं स्वतःच्या अंगावर घेतली तेव्हा मी गप्प बसलो. पहिली गोष्ट विशीतल्या पोराची घमेंड म्हणून कदाचित सोडून देता येईल. दुसरी सोडता येत नाही, कारण तो गप्प बसणारा पोरगा पुढं मोठा झाला, त्याचं लग्न झालं, दुकान वाढलं, केस पांढरे झाले, तरी गप्पच राहिला. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं त्यात मालनमावशीचा वाटा मोठा आहे. तो सांगायचा तर आधी हे सांगणं भाग आहे.

मंगळवार पेठेतलं आमचं घर म्हणजे पुढं काकणांचं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकान आईचं. बाबा उद्यमनगरात एका फौंड्रीत कामाला होते. पाळी संपवून आले की कपड्यांतून काळी वाळू झडायची, आणि आई त्यांना दुकानातून आत येऊ द्यायची नाही, बोळातनं मागच्या दारानं यायला लावायची. बाबाही दुकानाच्या वाटेला जात नसत. "परक्या बायकांचा हात धरायचा आणि वर पैसे घ्यायचे, हे माझ्यानं व्हायचं न्हाई," असं म्हणून ते हसायचे. घरात कायम काचेचा आवाज असायचा. सकाळी झाडलोट झाली की आई सुतळीत ओवलेली एकेक जुडी सोडायची, काकण बोटावर तोलायची आणि नखानं टिचकी मारायची. चांगलं काकण किणकिणतं. केसाएवढी चीर असली तरी ते बद्द वाजतं. हा आवाज ऐकत मी अभ्यास केला, ऐकत जेवलो, तापातही ऐकला. काकण फुटलं असं आमच्याकडं कुणी म्हणत नसे, 'वाढलं' म्हणायचं. भरताना गिऱ्हाइकाच्या हातात वाढलं तर ते दुकानदाराचं नुकसान, हा नियम. त्यामुळं आईची बोटं फार सावध असायची. एखाद्या बाईचा हात आधी ती नुसता दाबत बसायची, बोटांची पेरं चोळायची, माहेरची चौकशी करायची, आणि बोलता बोलता काकण मनगटात गेलेलं असायचं.

माल यायचा फिरोजाबादहून. पांडेजी नावाचे कारखान्याचे एजंट वर्षातून दोनदा कोल्हापुरात येत, स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरत, आणि नमुन्यांची बॅग उघडून ऑर्डरी घेत. पेटीपेक्षा कमी माल मिळत नसे. लाकडी पेटी, आत पेंढा, हिंदी वर्तमानपत्रांचे कागद, आणि त्यात कारखान्यानं ठरवून भरलेली सगळी मापं: थोडी लहान, थोडी मधली, थोडी मोठी. अडचण इथंच होती. आमच्या दुकानात शहरातल्या मुली यायच्या, कॉलेजच्या, शाळेत शिकवणाऱ्या, कचेरीत जाणाऱ्या. त्यांना लहान माप लागायचं. मोठ्या मापाचा माल फळीवर धूळ खात बसायचा. आणि कुरुंदवाडकडं आठवड्याच्या बाजारात मालनमावशीचं उलटं होतं. तिची गिऱ्हाइकं शेतात राबणाऱ्या बायका, ऊस भांगलून, धारा काढून रुंद झालेल्या हातांच्या. लहान माप त्यांच्या अंगठ्यापाशीच अडायचं. म्हणून आईनं आणि मावशीनं कधीतरी, माझ्या आठवणीच्याही आधी, ठरवून टाकलं होतं की पेटी एक घ्यायची आणि फोडायची दोघींत. कुणा एकीला न झेपणारी पेटी दोघींना मात्र बरोब्बर पुरायची.

पेटी फोडायचा दिवस रविवार. मावशी पहिल्या एसटीनं यायची. ती आली हे गल्लीच्या तोंडापासून कळायचं, कारण ती रस्त्यात भेटेल त्याच्याशी मोठ्यानं बोलत यायची. "काय पावणं, अजून दात घासतायसा? बारा वाजाय आलं की!" आईचं आणि तिचं रक्ताचं नातं काहीच नव्हतं. आई तिच्याहून थोडी मोठी, म्हणून ती आईला अक्का म्हणायची. येताना कृष्णाकाठची वांगी आणायची, काटेरी देठांची, आणि नुसती आणायची नाही, आमच्या स्वयंपाकघरात बसून स्वतः भरायची. दाण्याचं कूट, तीळ, आमची कोल्हापुरी चटणी, गुळाचा खडा. तिचे मालक गुऱ्हाळावर गुळव्या होते, त्यामुळं गूळ नेहमी तिच्या घरचा. मग मागच्या खोलीत चादर अंथरून दोघी पेटीच्या दोन बाजूंना बसायच्या. लहान माप आईचं, मोठं मावशीचं, मधल्याचे एकीनं वाटे घालायचे, दुसरीनं आधी उचलायचं. वाढलेला माल निम्मा निम्मा. काच, पेंढा आणि भरल्या वांग्याचा वास असा एकत्र मला नंतर कुठंच मिळाला नाही. भाकरी थापताना आईच्या हातातली काकणं वाजत आणि बाहेर मावशी पेटीतली वाजवत असे, आणि बाबा झोपेतून ओरडत, "अगं, जरा दमानं! पाळी करून आलोय मी."

पण दोघींचं खरं काम लॉजवर असायचं. मी लहानपणी आईचं बोट धरून तिथं गेलोय. पांडेजी दरवेळी काहीतरी नवीन आकडा सांगायचे: यंदा एक पेटी परवडत नाही, दोन घ्या, यंदा हिरव्याबरोबर दुसरा रंग घ्यावाच लागेल. आई शांतपणे ऐकून घ्यायची. मावशी मात्र तोंडातलं पान गालात सरकवून उठायची. "उठ अक्का. ह्या पावण्याला आता मोठी दुकानं घावलीत. आपण बापडी बाजारात बसणारी." पदर खोचून, पिशवी उचलून ती दारापर्यंत जायची. चपला घालायची. आई जागची हलायची नाही. "मालन, बस गं, एवढ्या लांबनं आल्यात ते," असं म्हणायची. मावशी जिन्यावरून ओरडायची, "लांबनं आल्यात म्हणून काय आपलं घर विकून माल घ्यायचा व्हय?" लॉजचा मॅनेजर बाहेर डोकवायचा. शेजारच्या खोलीतले एजंट हसायचे. पांडेजी कपाळाला हात लावून म्हणायचे, "अरे बुलाओ उनको, बहनजी. एकच पेटी लिहितो. हर साल यही तमाशा!" मग चहा यायचा, आणि मावशी बशीत चहा ओतत पांडेजींच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची.

मोठा झाल्यावर मला या सगळ्याची लाज वाटू लागली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मित्रांबरोबर स्टेशन रोडवर असताना मावशी समोरून आली तर मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचो. ती मात्र लांबूनच हाक मारायची, "ए दिप्या, वाळलास की रं! आई जेवाय घालत न्हाय व्हय?" मला वाटायचं, धंदा हा असा जिन्यावर ओरडून करायची गोष्ट नाही. समोरासमोर बसून, नीट बोलून, दोन्ही बाजूंचा फायदा दाखवून करायची गोष्ट आहे. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि समोरचा माणूसही तेच पुस्तक वाचून आलाय अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी लग्नसराईच्या आधी ताईच्या बाळंतपणाला आई निपाणीला गेली. दुकान माझ्यावर. जाताना तिनं बजावलं होतं, "पांडेजी गुरुवारी येणार आहेत. मालन सकाळी येईल, तिला घेऊन जा. ती बोलेल. तू नुसतं बस शेजारी आणि हसू नकोस." बुधवारी पांडेजींचा शेजारच्या किराणा दुकानात फोन आला, एक दिवस आधीच पोचलोय, उद्या या. फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, उद्या कशाला? आजच जाऊ. मावशी यायच्या आत. जिन्यावर कुणी ओरडणार नाही, मॅनेजर डोकवणार नाही. आई परत येईल तेव्हा तिला दाखवू की तिचा मुलगा शिकलाय. इस्त्रीचा शर्ट घालून मी लॉजवर गेलो.

पांडेजींनी मला खुर्ची दिली. आईला ते नेहमी पलंगाच्या कडेवर बसवत. "आता आप संभालोगे? बहुत अच्छा. पढ़े-लिखे आदमी से बात करने में मजा आता है," ते म्हणाले आणि त्यांनी थंड मागवलं. मग नमुने उघडले. त्या वर्षी चमकीची काकणं नवीन आली होती, पिस्ता, मोरपंखी, राणी रंगांची, काचेवर चमकीचे कण चिकटवलेली. ट्यूबलाइटखाली ती अशी लखलखली की मी बघतच राहिलो. कॉलेजातल्या सगळ्या मुली मला त्या बॅगेत दिसल्या. पांडेजी म्हणाले, "लेकिन दीपकभाई, इस साल एक पेटी का काम बंद. कमीत कमी तीन. कारखान्याचा हुकूम आहे."

इथं उठायचं असतं. पण मी विचार करायला लागलो. मी म्हणालो, "दोन पेट्या लहान मापाच्या देता का? नुसतं लहान माप. तेवढ्या आम्ही खपवू." पांडेजी हसले. "छोटा माप सबको चाहिए. मग मोठा माप मी कुठं ठेवू? तिसरी पेटी मोठ्या मापाची कुणी घेतली तर देतो." आणि मी, अगदी सहज, जणू माझ्या खिशातली वस्तू असावी तसं म्हणालो, "आहे की. कुरुंदवाडच्या मालनबाई. त्यांना मोठंच माप लागतं." पांडेजींनी विचारलं, "पूरी पेटी? अकेली?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "कौन सा रंग? वही चमकी?" मी म्हणालो, "हो, तीच. गावातही फॅशन पोचतेच की." त्यांनी हात पुढं केला. मी तो जोरात दाबला. परत येताना मला वाटत होतं की मी तिघांचंही भलं केलं. खरंच वाटत होतं. स्वतःच्या बचावासाठी नव्हे, तर स्वतःला फसवणं किती सोपं असतं तेवढंच कळावं म्हणून हे लिहितोय.

गुरुवारी मावशी आली, वांगी आणि वाडीची कवठाची बर्फी घेऊन. मी तिला सांगितलं, "मावशी, पांडेजी काल येऊन सांगलीला गेले. त्यांना घाई होती. मी ऑर्डर दिली, नेहमीसारखी." नेहमीसारखी. तो शब्द मी आधीच ठरवून ठेवला होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "आँ? एकट्यानं? उठलातास का मधी?" मी म्हणालो, "गरजच पडली नाही." "बघ की! आमचं पोरगं शेठ झालं!" तिनं बर्फीचा आख्खा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मग उंबऱ्यावर बसून तिनं तिचं गुपित सांगितलं. कुरुंदवाडच्या स्टँडजवळ एक गाळा निघाला होता. छोटाच, पण डोक्यावर पत्रा, शटर, रात्री माल आत ठेवायची सोय. आजपर्यंत ती बाजारात पोत्यावर बसली होती. ऊन, धुरळा, वरनं पाऊस, संध्याकाळी सगळं डोक्यावर घेऊन घरी. मालकानं सराई संपेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. "हिरवी काकणं ह्या सराईला चांगली गेली का न्हाय, मग तुझी मावशी शटरवाली. अक्काला सांगू नगंस, मीच सांगणार हाय." तेव्हाही सांगता आलं असतं. लॉज चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पांडेजी अजून तिथंच होते.

पेट्या आल्या त्याच आठवड्यात आई निपाणीहून परतली होती. मावशी रविवारी आली तेव्हा मागच्या खोलीत तीन पेट्या एकीवर एक होत्या, आणि वरच्या पेटीवर पांडेजींच्या माणसानं काळ्या रंगात मावशीचं नाव लिहिलं होतं. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मावशीनं हो म्हटलंय, तिला एकटीला पूर्ण पेटी हवी होती. दुसरं काय सांगणार होतो? आईनं पेटीची फळी उचकटली. वरच्या थरातनं सगळी खोली चमकली. राणी रंग, पिस्ता, मोरपंखी, मनगटात नव्हे तर दंडात बसतील अशी. आईनं ती बघितली आणि मावशीकडं वळून विचारलं, "मालन, हे तू सांगितलंस? दिपू म्हणाला, तू हो म्हणालीस. चमकी? आणि ह्या मापात?"

मावशी पेटीकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण तिनं जे बघायचं ते बघितलं. ती खाली बसली, एक काकण उचललं, टिचकी मारली. किणकिणलं. "व्हय की," ती म्हणाली. "म्याच म्हटलं. म्हटलं एकदा नवीन कायतरी करून बघू." आई म्हणाली, "अगं पण तुझ्या बायका घालतील का असलं?" मावशी म्हणाली, "घालतील की. न्हाय घालून सांगतील कुणाला?" आणि ती वांगी भरायला आत गेली. मला एकट्यात गाठून ती काही बोलेल म्हणून मी दिवसभर तिला चुकवत राहिलो. जाताना तिनं फक्त एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात; तिला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "उठला न्हाईस व्हय?" मी मान हलवली. "पहिला आकडा असतोय त्यो उठून जायासाठीच असतोय, लेकरा," ती म्हणाली. त्याच दौऱ्यात जुन्या गिऱ्हाइकांना पांडेजींनी एकेक पेटी दिली होती, हे मला नंतर कळलं.

ती पेटी ती परत करू शकली असती. नाव खराब झालं असतं. एकदा सांगितलेली पेटी नाकारली की एजंट पुन्हा दारात उभं करत नसे. पण "मी सांगितलीच नव्हती" म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. तिनं तो वापरला असता तर पांडेजींपुढं खोटा मी ठरलो असतो आणि माझ्यामुळं आईचं दुकान. म्हणून ती पेटी एसटीच्या टपावर चढली. कुरुंदवाडच्या बायकांनी बाजारात ती काकणं बघून तोंडाला पदर लावले. "मालनबाय, ही काय मांडवातल्या लाइटी हायत व्हय?" त्यांना लग्नाला हिरवी साधी लागायची, आणि हिरव्या मालासाठी मावशीकडं पैसे उरले नव्हते. सराई गेली. गाळा झेरॉक्सवाल्यानं घेतला. चमकीतला थोडा माल खपला तो एका सोंगी भजनाच्या मंडळाला. त्यातल्या बायकांची सोंगं घेणाऱ्या पुरुषांना ते माप अचूक बसलं, आणि मावशी ते सांगताना इतकी हसली की तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. आम्हीही हसलो. मी सगळ्यात जास्त. आमच्या दोन पेट्या मात्र महिनाभरात संपल्या होत्या, आणि गल्लीत माझं कौतुक झालं होतं. मावशी पुढं कित्येक वर्षं पोत्यावरच बसली.

आणि तरी पुढच्या सराईला ती आली. हे मला आजही नीट कळत नाही. पहिल्या एसटीनं, वांगी घेऊन, गल्लीत ओरडत. मला म्हणाली, "चल शेठ, लॉजवर. आज तू उठायचं." आणि मी उठलो. पांडेजींनी पाचाचा आकडा काढला तेव्हा मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो, चपला घातल्या. मागं मावशी आईसारखी शांत बसून म्हणाली, "दिपू, बस रं, लांबनं आल्यात ते." त्या दिवशी मला जो धंदा आला तो बी.कॉम.नं आला नव्हता. ज्याच्यामुळं तिनं नुकसान सोसलं त्यालाच तिनं शिकवलं, आणि शिकवताना एकदाही त्या पेटीचं नाव काढलं नाही.

आज माझा काकणांचा होलसेलचा व्यवसाय आहे. माल आता फोनवर मागवतो; पडद्यावर किमान ऑर्डर लिहिलेली असते आणि पडद्यासमोरून उठून गेलं तर त्याला काही वाटत नाही. पण माझ्या काउंटरवर अजून माणसं येतात. उचगावची एक मुलगी घरातनं मोबाइलवर विक्री करते. पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याला गाडीवरच बसवून एकटी आत आली आणि म्हणाली, "काका, पेटी नाही झेपणार. मला थोडं थोडं मिसळून द्याल का?" मी दिलं. शेजारचे व्यापारी म्हणतात, दीपकराव धर्मादाय काढलाय. मी त्या मुलीला विचारलं, तुझ्यासारखी आणखी कुणी आहे का, मोठं माप विकणारी? तिची मावसबहीण निघाली, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या बायकांना डबे पोचवता पोचवता काकणंही विकणारी. आता दोघी मिळून पेटी नेतात, माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत फोडतात आणि भांडतात. त्यांचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवून ऐकत बसतो.

हे सगळं मी केलं, पण एक केलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट विनोद झाली होती. आईला ती सांगायला फार आवडे. "आमची मालन एकदा हावरट झाली," अशी सुरुवात व्हायची. "म्हणाली वाटणी नको, आख्खी पेटी मला एकटीला! आणि घेतली काय, तर चमकी!" पाहुणे हसायचे, मावशी हसायची, मी हसायचो. आईच्या मनात कपट नव्हतं. पण 'हावरट' या शब्दाचा अर्थ तिच्या मनात हळूहळू बसत गेला हे मला दिसायचं. पेटी फोडताना मावशीचे वाटे ती पूर्वी डोळे झाकून उचलायची. नंतर एकदा बघून घ्यायला लागली. नकळत, क्षणभरच. मावशीला ते दिसत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. चुडा भरायला मालनमावशीच हवी, असा आईचा हट्ट. दोघी आता थकल्यात. आईला गुडघ्यांनी घरात बसवलंय आणि मावशीला दिसायला कमी झालंय, पण बोटांना डोळे आहेत. मावशी नातीला घेऊन आली, कॉलेजात जाणारी, चष्मा लावणारी शांत मुलगी. दुपारची वेळ, बायकांनी हॉल भरलेला, मावशी चटईवर बसून माझ्या मुलीचा हात चोळतेय. कुणीतरी म्हणालं, हल्ली चमकीचा चुडा पण घालतात. झालं. खुर्चीवरून आई म्हणाली, "चमकीचं हिला विचारा! आमची मालन एकदा हावरट झाली..." बायका हसायला लागल्या. मावशीची नात हसली नाही. तिनं वाकून विचारलं, "आजी, खरंच? तू असं केलतंस?"

मावशीनं मान वर केली नाही. मुलीचा हात चोळत म्हणाली, "व्हय की. हुतीच म्या हावरट."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. माझ्या आईसमोर ती माझ्यासाठी खोटं बोलली ते मी पचवलं होतं. पण आता ती स्वतःच्या नातीसमोर स्वतःला लहान करत होती, आणि तेही सवयीनं, सहज, मी तिथं आहे हे माहीत असताना. मी ट्रे खाली ठेवला आणि चटईवर जाऊन बसलो.

"आई, मावशी हावरट नव्हती," मी म्हणालो. "तिनं ती पेटी सांगितलीच नव्हती. मी सांगितली."

मावशी झटकन म्हणाली, "दिप्या, गप बस. पोरीचा हात माझ्या हातात हाय, काकण वाढंल."

"वाढू दे," मी म्हणालो. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापेक्षा मोठ्यानं बोललो असेन. माझी मुलगी माझ्याकडं बघत होती. मी आईला सगळं सांगितलं: बुधवारी एकट्यानं गेलो ते, मावशीबरोबर जायची लाज वाटत होती ते, तिचं नाव दिलं ते, गुरुवारी खोटं बोललो ते, गाळ्याचं. गाळ्याचं आईला माहीतच नव्हतं. मावशीनं तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तिनं खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी उठता आलं नाही, मग तिथूनच ती म्हणाली, "मालन... इतकी वर्षं मी तुला... आणि तू मला हसू दिलंस?"

"मग काय रडू देऊ व्हय, अक्का?" मावशी म्हणाली. "पोरगं भितीला चिकटलंतं नुसतं पालीगत. काय करणार हुते मी?"

बायका हसल्या, मावशीही हसली, आणि मला दिसलं की आता हे हसण्यावारी जाईल. पुन्हा जाईल, आणि ती जाऊ देईल. म्हणून मी तिचे दोन्ही हात धरले, एका हातात अजून काकण होतं तसेच. तिच्या नातीकडं बघितलं, कारण तिनंही ऐकायला हवं होतं.

"मावशी, मला माफ कर. तुला न विचारता मी तुझं नाव दिलं, तुझ्याशी खोटं बोललो. तुझा गाळा माझ्यामुळं गेला. तू मला वाचवलंस, आणि मी तुला या घरात हावरट म्हणवून घेऊ दिलं, पुन्हा पुन्हा, इतकी वर्षं. तुझी काही चूक नव्हती. सगळी माझी होती. माफ कर मला."